जुनी गाडी, नवे स्पीकर आणि कानाचा हिशेब

सकाळी चावी फिरवली की गाडीतला टेप एकदम अंगावर येतो. मागच्या सीटवरचे पोर दचकते, चालकाचा हात घाईने बटणाकडे जातो आणि ‘काल एवढा आवाज कुणी वाढवला?’ असा प्रश्न पडतो. वाढवलेला कुणीच नसतो. आदल्या रात्री गाडी दारात लावली तेव्हा आवाज याच आकड्यावर होता आणि तेव्हा तो अगदी बेताचा वाटत होता. मधल्या काळात दोन गोष्टी बदललेल्या असतात. रस्त्यावर इंजिन, टायर आणि वाऱ्याचा गोंगाट होता, तो आता नाही. शिवाय प्रवास लांबचा असेल तर कान थोडा बधिर झालेला असतो आणि रात्रभराच्या शांततेत तो सावरतो. जुन्या गाडीचे स्पीकर बदलण्याचा विचार ज्यांच्या मनात घोळतो आहे, त्यांनी दुकानात जाण्याआधी या सकाळच्या दचकण्याकडे नीट लक्ष द्यावे.

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीसारख्या गावात हा विचार बऱ्याच जणांच्या मनात असतो. करवीर तालुक्यातल्या या गावाच्या आसपास उजळाईवाडीचा विमानतळ आहे, गांधीनगरची कापडपेठ आहे, गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आहे आणि उरलेल्या रानात ऊस आहे. अशा ठिकाणी गाडी हौसेपेक्षा कामाची वस्तू असते. पाळीला जायचे, माल आणायचा, दवाखाना, बाजार, लग्नकार्य, सगळे तिच्यावर. पंधरा वर्षे झाली म्हणून चालती गाडी कुणी मोडीत घालत नाही, पुन्हा पासिंग करून घेतो. मारुती ८००चे उत्पादन २०१४मध्ये थांबले, ओम्नीचे २०१९मध्ये. तरी दोन्ही रस्त्यावर दिसतातच. इंजिनाचे काम झाले, सीटकव्हर बदलले, की पुढचा नंबर स्पीकरचा लागतो. तक्रार साधारण एकच असते. आवाज फाटतो, शब्द कळत नाहीत, वाढवला तरी मजा येत नाही. दुकानदाराचे उत्तरही ठरलेले असते: जास्त वॉटचे स्पीकर घाला.

हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते.

गाडीतला स्पीकर ही तशी साधी वस्तू आहे. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, त्याला चिकटवलेला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा कोन आणि कोनाच्या कडेला रबराची किंवा फोमची मऊ झालर. विजेचा प्रवाह वेटोळ्यातून मागेपुढे वाहू लागला की कोन हलतो आणि हवा ढकलतो. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५मध्ये या रचनेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. शंभर वर्षे झाली तरी मूळ तत्त्व तेच आहे. १९३०मध्ये गॅल्विन बंधूंनी गाडीत बसवण्याजोगा रेडिओ विकायला काढला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. नावातली ‘मोटर’ ही चारचाकीच.

कंपनीने बसवून दिलेल्या जुन्या स्पीकरला दोन शत्रू असतात, ऊन आणि पाणी. काचेमागे तापणाऱ्या उन्हात फोमची झालर कडक होते, तिला भेगा जातात आणि ती गळून पडते. मग कोन वाकडातिकडा हलतो आणि आवाज फाटतो. पाण्याचे तसेच. गाडीच्या दाराची आतली पोकळी कोरडी असते असा अनेकांचा समज असतो, पण पावसाचे पाणी काचेवरून ओघळून या पोकळीत उतरते आणि तळाच्या भोकांतून बाहेर जाते. ही रचनाच तशी केलेली असते. स्पीकरवर ते पाणी पडू नये म्हणून दाराच्या पॅडमागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बदलताना कारागीर तो कागद टरकावतो आणि परत लावत नाही. कोल्हापूरचे दोन पावसाळे गेले की नवा स्पीकरही कुबट आवाज काढू लागतो. तेव्हा झालर फाटली असेल, कोन भिजून फुगला असेल, कॉइल जळाली असेल, तर स्पीकर बदलायलाच हवा किंवा कोन बदलून घ्यायला हवा. त्यात वाद नाही. प्रश्न आहे तो ‘आवाज कमी पडतो’ या तक्रारीचा.

वॉटचे गणित

स्पीकरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत २०० वॉट, ४०० वॉट असे आकडे असतात. त्यातले बहुतेक क्षणिक उच्चांकाचे असतात. एके काळी पीएमपीओ नावाचा आकडा तर इतका फुगवलेला असे, की टेबलावरच्या छोट्या डेकवरही हजार वॉट लिहिलेले असत. उपयोगाचा आकडा असतो आरएमएसचा, म्हणजे सतत पेलता येणाऱ्या शक्तीचा. गाडीच्या साध्या टेपवर ‘५० वॉट गुणिले ४’ असे छापलेले असले, तरी प्रत्येक स्पीकरला सतत मिळणारी शक्ती साधारण १५ ते २० वॉटच असते.

एवढी शक्ती कमी आहे का? खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत आणखी एक आकडा असतो, सेन्सिटिव्हिटीचा. एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, ते तो सांगतो. साधारण बऱ्या स्पीकरचा हा आकडा ९०च्या आसपास असतो. म्हणजे अवघ्या एका वॉटला ९० डेसिबल. छोट्या गाडीत दाराचा स्पीकर आणि चालकाचा कान यांत अंतर तरी किती, मीटरभर. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात आणि दहापट केली की १०. या हिशेबाने २० वॉटला १०३ डेसिबल होतात आणि तेही एकाच स्पीकरचे. ताशा किंवा ढोलकीचा ठेका सरासरीपेक्षा दहा-पंधरा डेसिबल वर उसळतो, म्हणून थोडी शिल्लक हाताशी हवी हे खरे. पण सरासरी आवाजासाठी एक-दोन वॉट पुरतात. जुन्या गाडीत आवाज कमी पडतो तो वॉट कमी असल्याने पडत नाही.

हाच हिशेब खरेदीच्या वेळी उलटा वापरता येतो. समान किमतीच्या दोन स्पीकरांपैकी एकाची सेन्सिटिव्हिटी ८८ आणि दुसऱ्याची ९१ असेल, तर दुसरा अर्ध्या शक्तीत तेवढाच आवाज देतो. टेप पूर्ण पिळला की तो शक्तीच्या मर्यादेला जाऊन धडकतो, स्वराच्या लाटांची टोके कापली जातात आणि आवाज फाटतो. ९१चा स्पीकर असेल तर टेप पिळण्याची वेळच कमी येते. खोक्यावरच्या ४०० वॉटने यातले काहीही साधत नाही.

घरघरीखाली झाकलेले शब्द

खरे कारण गोंगाटात आहे. नव्या, घट्ट बंद होणाऱ्या गाडीत महामार्गावर ६५ ते ७० डेसिबलच्या आसपास गोंगाट असतो. जुनी डिझेल गाडी, दाराचे रबर चपटे झालेले, सायलेन्सरला भोक आणि काचा खाली, अशा स्थितीत हाच आकडा ७५च्या वर सहज जातो. डेसिबलच्या भाषेत हा फरक मोठा आहे. शिवाय हा गोंगाट खालच्या पट्टीतला, घरघरीचा असतो. कानाचा एक गुणधर्म असा, की खालच्या पट्टीचा जोरदार आवाज वरच्या पट्टीतले बारीक स्वर झाकून टाकतो. उलट मात्र फारसे घडत नाही. गाण्यातले शब्द कळतात ते स, श, ट, फ अशा बारीक व्यंजनांमुळे. घरघरीने ती झाकली गेली, की माणूस आवाज वाढवतो. घरघरीत बासही हरवतो म्हणून बासही वाढवतो. आता स्पीकरचा बासच शब्दांना झाकू लागतो.

शब्द आरामात कळायला हवे असतील तर गाण्याचा आवाज गोंगाटाच्या दहा-पंधरा डेसिबल वर असावा लागतो. ७५ अधिक १०, म्हणजे ८५. इथे प्रश्न स्पीकरचा राहत नाही, कानाचा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने करमणुकीसाठी ऐकण्याची जी मर्यादा सुचवली आहे, ती प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. ८३ला २० तास, ८६ला १० तास, ८९ला ५ तास, ९२ला अडीच तास. रोज गांधीनगर ते निपाणी अशा फेऱ्या मारणारा मालवाहू गाडीचा चालक आठवड्याला २५-३० तास स्टिअरिंगवर असणे अवघड नाही. ८६ डेसिबलच्या हिशेबाने त्याचा आठवड्याचा वाटा दोन दिवसांतच संपतो. आणि कान सुट्टे हिशेब ठेवत नाही. फाउंड्रीत कास्टिंग फोडण्याचा आणि घासण्याचा आवाज, घरी जातानाचा टेप, रात्री जत्रेतला आवाज, सगळे एकाच खात्यावर जमा होते. कारखान्यांसाठी आपल्याकडे आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. अमेरिकेतील नायॉश ही कामगार-आरोग्य संशोधन संस्था आठ तासांना ८५ सुचवते. पाळीत ही मर्यादा गाठून आलेल्या माणसाला घरी जाताना टेप बेताचा वाटतो, कारण त्याचा कान त्या वेळी तात्पुरता मंद झालेला असतो.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली एक बारीक नळी असते. तिच्यात पंधरा-सोळा हजार केशपेशी असतात. हवेचा कंप द्रवात उतरतो, या पेशींच्या टोकाचे सूक्ष्म केस वाकतात आणि मज्जातंतूला संदेश जातो. जोराच्या आवाजाने त्या आधी थकतात, मग मरतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात. माणसात उगवत नाहीत. सगळ्यात आधी बळी जातात त्या ४००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर टिपणाऱ्या पेशी. बारीक व्यंजनांची धार याच भागात असते. त्यामुळे सुरुवातीला ऐकू येत नाही असे वाटतच नाही. आवाज येतो, शब्द कळत नाही. दुकानदार ‘साठ’ म्हणतो, गिऱ्हाईक ‘आठ’ ऐकते. घरचे लोक पुटपुटतात अशी तक्रार सुरू होते. गाडीतले स्पीकर मंद वाजतात अशीही.

कान रात्रभरात सावरतो म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या संशोधकांनी २००९मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवलेल्या उंदरांची श्रवणपातळी काही दिवसांत पूर्ववत झाली, केशपेशीही शाबूत होत्या. पण काही भागांत केशपेशी आणि मज्जातंतू यांना जोडणाऱ्या सांध्यांपैकी जवळजवळ निम्मे कायमचे गेले होते. माणसाच्या कानात हे नेमके किती प्रमाणात घडते यावर अजून काम चालू आहे. साध्या तपासणीत कान चांगला दिसतो, तरी गलक्यात बोलणे का कळत नाही, याचे एक उत्तर त्यात शोधले जाते आहे.

म्हणून स्पीकर बदलण्याआधी एक साधी परीक्षा करावी. गाडी उभी, इंजिन बंद, काचा वर. नेहमीचे गाणे बेताच्या आवाजात लावून घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवावे. त्यांना झांजांची झणझण स्वच्छ ऐकू येते आणि पन्नाशीच्या माणसाला येत नाही, तर दोष स्पीकरचा असण्याची शक्यता कमी. वयाबरोबर वरच्या पट्टीतले ऐकणे कमी होतेच, गोंगाट ते लवकर आणतो. दोघांनाही मंद ऐकू आले, तर स्पीकर किंवा त्याची जोडणी बिघडलेली आहे.

दार हाच स्पीकरचा डबा

जोडणीचे कारण वाटते त्यापेक्षा जास्त वेळा सापडते. कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. म्हणजे स्पीकर दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या उलट आवाज काढत असतो. हे दोन आवाज एकत्र मिसळले की बास नाहीसा होतो. टेबलावर उघडा ठेवलेला स्पीकर पत्र्यासारखा वाजतो तो यामुळे. गाडीत ही दोन तोंडे वेगळी ठेवण्याचे काम दाराने करायचे असते. पण जुन्या दाराच्या आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोके असतात, प्लॅस्टिकचा कागद फाटलेला असतो आणि स्पीकर व पत्रा यांच्यात फट असते. पत्रा स्वतःही थरथरतो. अशा दारात महागडा स्पीकर घातला तरी तो महागड्या आवाजात खडखडतो, इतकेच.

कामाचा क्रम म्हणून उलटा हवा. आधी दाराचे रबर बदलावे. कागदाची चिठ्ठी दारात धरून दार लावावे. ती अलगद निघून आली तर त्या जागी रबर संपले आहे. सायलेन्सरचे भोक बुजवावे, इंजिनाचे रबरी माउंटिंग पाहावे, टायरची हवा नीट ठेवावी. ही कामे अशीही करायचीच असतात. मग दाराच्या पत्र्याला आतून ब्यूटाइल रबराचे अॅल्युमिनियम लावलेले पट्टे चिकटवावेत. सगळे दार मढवायची गरज नसते, बाहेरच्या पत्र्याचा मधला सपाट भाग पुरतो. आतल्या पत्र्याची मोठी भोके बंद करावीत, तळाची पाणी जायची भोके मात्र उघडीच ठेवावीत. ती बुजली तर दार आतून गंजते. स्पीकरच्या कडेखाली फोमचे वेढे घालावे. एवढे झाल्यावर जुने स्पीकर एकदा ऐकावेत. काही वेळा नवे घेण्याची गरजच उरत नाही. दुकानदाराला हा सल्ला आवडण्यासारखा नाही, हे उघड आहे.

यातून गोंगाट समजा ५ डेसिबलने कमी झाला, ७५चा ७० झाला. गाण्याचा आवाजही तेवढाच खाली आणता येतो. ३ डेसिबलला दुप्पट या हिशेबाने सुरक्षित वेळ तिपटीहून जास्त वाढतो. कुठलाही अॅम्प्लिफायर हे करू शकत नाही.

नवे स्पीकर घ्यायचेच असतील तर आकार आधी मोजावा. जुन्या छोट्या गाड्यांत चार किंवा सव्वापाच इंची जागा असते. खोलीही मोजावी, कारण चुंबक जाड असेल तर काच खाली घेतल्यावर त्याला अडते. तारांचे अधिक-उणे दोन्ही बाजूंना सारखे जोडले आहे का, ते पाहावे. एका बाजूला ते उलटे झाले तर डावा कोन पुढे जाताना उजवा मागे जातो, बास विरघळतो आणि गिऱ्हाईक समजते की स्पीकरच हलका निघाला. दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर तारांना लावला की कोन बाहेर येतो की आत जातो, ते डोळ्यांनी दिसते. दोन्ही कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत.

अॅम्प्लिफायर घालणाऱ्यांनी विजेचाही विचार करावा. बारा व्होल्टच्या गाडीत ५०० वॉट म्हणजे चाळीसहून जास्त अँपिअर, शिवाय उष्णतेत जाते ते वेगळे. अनेक जुन्या छोट्या गाड्यांच्या अल्टरनेटरची एकूण ताकदच त्याच्या आसपास असते. बारीक तार, बॅटरीपाशी फ्यूज नाही आणि पत्र्याच्या धारेवरून ओढलेली जोडणी, हे आग लागण्याचे साहित्य आहे. फ्यूज अॅम्प्लिफायरजवळ असून भागत नाही. तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा, म्हणजे मधली तार कुठे घासून पत्र्याला टेकली तरी तो आधी उडतो.

मागच्या काचेखालच्या फळीवर मोठे लंबगोल स्पीकर बसवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. बास तिथून चांगला येतो हे खरे. पण चालकाला पुरेल एवढा आवाज मागून येण्यासाठी तो मागे बराच जास्त असावा लागतो, आणि मागे बहुधा मुले बसतात. त्यांच्या डोक्यापासून स्पीकर हातभरही लांब नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सुचवलेली मर्यादा ७५ डेसिबलची आहे, प्रौढांपेक्षा ५ने कमी. मुले मागे असताना टेपमधल्या फेडरने आवाज पुढे घ्यावा. त्यासाठी बटण दाबण्यापलीकडे काही लागत नाही. फळीवर नुसता ठेवलेला, न कसलेला स्पीकरचा डबा तर जोरात ब्रेक लागल्यावर थेट पुढे येतो.

ट्रॅक्टरवरचा टेप

गळीत हंगाम सुरू झाला की हाच प्रश्न मोठ्या रूपात रस्त्यावर उतरतो. दोन ट्रॉल्या उसाने भरलेला ट्रॅक्टर आणि त्यावर गाणी. रात्री अंथरुणावर पडलेल्या माणसाला कोणता ट्रॅक्टर कुठल्या वळणावर आला, ते गाण्यावरून कळते. अशा टेपवर कारवाई झाल्याच्या बातम्याही हंगामात येतात. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. त्या मानाने हे सगळे कितीतरी पटींनी बाहेर आहे आणि गावकऱ्यांचा राग रास्त आहे.

पण सगळ्यात जास्त नुकसान होते ते चालकाचे. केबिन नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानापाशी मुळातच ९० ते १०० डेसिबलचा आवाज असतो. त्यावर गाणे ऐकू यायचे तर ते किती असावे लागेल? उघड्यावर अंतर निम्मे झाले की आवाज ६ डेसिबलने वाढतो. चार मीटरवरून जाणाऱ्या माणसाला स्पीकरचा आवाज ८५ लागत असेल, तर अर्ध्या मीटरवर बसलेल्या चालकाला तो १०३ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाने १०० डेसिबलला आठवड्याची मर्यादा अर्ध्या तासापेक्षाही कमी आहे. चालक रात्रभर त्यात बसतो, हंगाम संपेपर्यंत. मागून येणाऱ्या दुचाकीचा हॉर्न, ट्रॉलीच्या हुकाची बदललेली कुरकुर, टायरमधून निघणारी हवा, यातले काहीही त्याला ऐकू येत नाही.

टेप का लावता, असे विचारले तर झोप येऊ नये म्हणून, हे उत्तर ठरलेले असते. ते खोटे नाही. तोडीच्या फडावर आणि कारखान्याच्या काट्यापुढच्या रांगेत रात्री निघून जातात. पण ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठात लुईस रेनर आणि जिम हॉर्न यांनी पेंगुळलेल्या चालकांवर याचाच अभ्यास केला. १९९८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार रेडिओ आणि तोंडावरचा गार वारा यांचा उपयोग थोडा आणि तात्पुरता असतो. थांबायला जागा सापडेपर्यंत निभावते, एवढेच. त्याआधीच्या त्यांच्या प्रयोगांत कॉफी आणि पंधरा मिनिटांहून कमी डुलकी यांचा परिणाम मात्र चांगला दिसला होता. काट्यापुढच्या रांगेत ही पंधरा मिनिटे मिळणे अशक्य नसते. त्या वेळेत टेप बंद असेल तर कानालाही तेवढीच विश्रांती.

आणि डॉल्बी. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे मिरवणुकीतल्या दणदणाटाला हेच नाव आहे. रे डॉल्बी यांनी १९६५मध्ये लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा सुरू केली, ती ध्वनिमुद्रणातली सुरसुर घालवण्यासाठी. कॅसेटच्या जमान्यातल्या चांगल्या टेपवर ‘डॉल्बी एनआर’ असे बटण असे. ते दाबले की नको असलेला आवाज कमी होई. गोंगाट कमी करणाऱ्या माणसाचे नाव आपल्याकडे गोंगाटालाच चिकटले.

ज्यांच्या कानात गाडीतून उतरल्यावर शिट्टी वाजत राहते, गलक्यात बोलणे कळत नाही किंवा टेपचा आकडा वर्षागणिक वर सरकतो आहे, त्यांनी स्पीकरच्या दुकानाआधी कानाची तपासणी करून घ्यावी. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे, खासगी श्रवण केंद्रेही आहेत. तपासणीला इंजेक्शन नाही, वेदना नाही. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचे आणि शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचे. वेगवेगळ्या पट्ट्यांतल्या शिट्ट्यांवरून एक आलेख तयार होतो. गोंगाटाने दुखावलेल्या कानाच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी एक खड्डा दिसतो आणि ८००० कडे रेघ पुन्हा वर येते. नुसत्या वयाने मंदावलेल्या कानात ती सरळ उतरत जाते. तपासणीला जाण्याआधी चोवीस तास तरी गोंगाटापासून लांब राहावे, नाहीतर तात्पुरता बधिरपणाही आलेखात उतरतो. फाउंड्रीतल्या माणसाने म्हणून सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाळीला जाण्याआधी जावे. तो कागद जपून ठेवावा, म्हणजे वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा तपासल्यावर खड्डा किती खोल गेला ते ताडून पाहता येते.